संडे आणि ऐतवार

मी चटई बोलतेय. प्लास्टिकची, लाल-हिरव्या पट्ट्यांची, मधोमध दोन मोर असलेली. बसा असं मी कुणाला म्हणत नाही, कारण मी अंथरलेली दिसली की माणसं बसतातच. उभं राहून माझ्याशी कुणी दोन शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. तेव्हा तुम्हीही बसूनच ऐका.

आधीच सांगून टाकते, मला आता फारसं काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं. कोण दमून बसलंय, कोण रागात बसलंय, कोण नुसतं जागा अडवायला बसलंय, ते टेकल्याबरोबर कळायचं. आता वजन कळतं, माणूस कळत नाही. असं का झालं तेच सांगायचंय. रडगाणं गाणार नाही. चटईला रडता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांनीही आमच्या घरात ते सोडून दिलं होतं.

माझा जन्म कारखान्यातला. फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या, कुणाच्या तरी चपला, असं सगळं वितळवून त्याच्या लांब काड्या काढल्या आणि त्या विणून मला केलं. म्हणजे माझ्या अंगात कुणाची आंघोळ आहे, कुणाचं बसणं आहे, कुणाचं चालणं आहे. याची मला लाज नाही. तुम्ही तरी कुठे एकाच वस्तूचे बनलेले असता?

एका फेरीवाल्याच्या सायकलवरून मी घुग्घुसला आले. घुग्घुसला कुठलाही माल आला की आधी त्यावर काळी धूळ बसते आणि मग गिऱ्हाईक येतं. आशाबाईंनी मला पदराने पुसून पाहिलं, पदर काळा झालेला पाहिला आणि फेरीवाल्यालाच दटावलं, "अरे, चटई विकून राह्यला का कोळसा?" त्यांचे यजमान लटारूभाऊ शेजारी उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "गुंडाळली तं गाडीवर मावन का?" तेव्हाच मी ओळखलं की मला घरात बसायला घेतलेलं नाही.

लटारूभाऊ कोळशाच्या खाणीत पंपावर होते. खाणीत साचणारं पाणी पंप लावून वर काढायचं, हे त्यांचं काम. गंमत म्हणजे आठवडाभर पाणी उपसून कंटाळलेला हा माणूस सुट्टी मिळाली की पुन्हा पाण्याच्याच काठी जाऊन बसायचा. आशाबाई म्हणायच्या, "तुमचं पाण्यासंग मागच्या जन्माचं काई राह्यलं हाय का?" त्यावर ते नुसते हसायचे. बोलणं कमी, हसणं बरं, असा त्यांचा कारभार.

त्यांचा एकुलता एक मुलगा आदेश. मी आले तेव्हा तो गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर बसण्याएवढा होता. वडिलांच्या दोन हातांमध्ये तो, मागे आशाबाई, आशाबाईंच्या मांडीवर डब्याची पिशवी, आणि गाडीच्या कडेला सुतळीने बांधलेली मी. असं सगळं ओझं घेऊन ती बिचारी मोटारसायकल निघायची. एकदा वळणावर मी एका बैलाच्या शिंगाला लागले. बैलाला काही वाटलं नाही, पण आशाबाई पुढचा सगळा रस्ता त्याची माफी मागत होत्या.

जायचं कुठे? तर जवळच. वढ्याला पैनगंगा आणि वर्धा एकत्र येतात, तिथल्या वाळूवर. पावसाळ्यात गडचांदूरच्या पलीकडे अमलनाल्याला, सांडव्यावरून पाणी पडतं ते बघायला. कधी भद्रावतीच्या लेण्यांच्या सावलीत. कॉलनीतले लोक खाणीतून प्रवासाची सवलत मिळाली की तिरुपतीला जात, शिर्डीला जात, परतल्यावर फोटो दाखवत. कुणीतरी म्हणायचंच, "लटारूभाऊ, तुमी काऊन जाऊन नाई राह्यले कुठी?" लटारूभाऊ म्हणायचे, "जातो न बापा. दर महिन्याले जातो. तुमाले रांगेत उभं राहा लागते, आमाले नाई." आणि खरंच, आम्ही कुठेही गेलो तरी दिवस मावळायच्या आत घरी असायचो.

मला अंथरण्याचा एक सोहळा असे. लटारूभाऊ जागा ठरवायचे, आशाबाई ती नापास करायच्या. "इथी मुंग्या हाय." "इथी उतार हाय, भाजी सांडन." "इथी काटे हाय." मग शेवटी पहिल्यांदा ठरवलेल्या जागीच आम्ही यायचो. मला अंथरलं की आदेश आधी माझ्यावर लोळून घ्यायचा. मग डबे उघडायचे. पुऱ्या, आलूची भाजी, आणि थंडीच्या दिवसांत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची. खाणं झालं की लटारूभाऊ एका कोपऱ्यात बसून माझ्या काड्या नखाने उसवत बसायचे. माणसांची ही सवय मी सगळीकडे पाहिली. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की माणूस समोरच्याकडे बघत नाही, चटई उसवतो.

वढ्याला एकदा आदेशने विचारलं, "बाबा, याच्यातलं पैनगंगेचं पाणी कोणतं अन् वर्धेचं कोणतं?"

लटारूभाऊ म्हणाले, "जे थंडं लागन ते तुह्या मायच्या गावाकडचं."

आशाबाईंचं माहेर कोरपन्याकडचं, पैनगंगेच्या बाजूचं. त्या म्हणाल्या, "अन् जे गढूळ दिसन ते तुह्या बापाचं." आदेश दोन्ही हातांनी पाणी उडवत तासभर थंड आणि गढूळ वेगळं करत बसला. तेव्हा मला खूप काही वाटलं होतं. काय ते आता सांगता येणार नाही, पण वाटलं होतं हे नक्की.

आता एक शब्द समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाणीत रविवारी काम केलं की त्या दिवसाचा दुप्पट पगार मिळतो. पण रविवारी सगळ्यांना बोलावत नाहीत, थोड्यांचीच नावं लागतात. त्या ड्युटीलाच खाणीत 'संडे' म्हणतात. "मले संडे भेटला" याचा अर्थ माझी सुट्टी गेली, आणि हे सांगताना माणसाचा चेहरा फुललेला असतो. संडेसाठी लोक नावं लावणाऱ्या हाजरीबाबूच्या मागे लागतात, एकमेकांशी भांडतात. आमच्या घरात मात्र सुट्टीच्या दिवसाला आशाबाई जुन्या पद्धतीने ऐतवार म्हणायच्या. म्हणजे एकाच दिवसाची दोन नावं, आणि दोन्ही एकत्र कधीच यायची नाहीत. संडे आला की ऐतवार जायचा.

सुरुवातीला लटारूभाऊही संडे मिळाला नाही की शनिवारी उतरल्या तोंडाने घरी यायचे. "नाव नाई आलं." इकडे आदेश नाचायला लागायचा, कारण नाव नाही आलं म्हणजे आपण फिरायला जाणार. शाळेत बाईंनी विचारलं, रविवारी तुम्ही काय करता? तर हा म्हणाला, "बाबाले संडे नाई भेटला तं फिराले जातो." बाई शहरातून बदलून आलेल्या. रविवार सगळ्यांनाच मिळतो, असं त्यांनी त्याला प्रेमाने समजावलं. घरी येऊन त्याने लटारूभाऊंना विचारलं, रविवार सगळ्यांनाच मिळतो का? त्यानंतर त्यांनी हाजरीबाबूला सांगून टाकलं, माझं नाव कमी टाकत जा. त्यांच्या वाटचे संडे दुसऱ्यांना मिळू लागले. कुणाच्या बहिणीचं लग्न असायचं, कुणाला घर बांधायचं असायचं. सगळ्यात जास्त वेळा त्यांनी संडे सोडला तो संघपालसाठी. संघपाल त्यांच्याच पंपावर नवीन लागलेला, पलीकडच्याच क्वार्टरमध्ये राहणारा.

आदेश मोठा झाला. टाकीवरून मागे गेला, मग पुढे आला. आता तो गाडी चालवायचा, मागे आशाबाई, आणि लटारूभाऊ संघपालची गाडी मागून घेऊन शेजारून यायचे. कॉलेज झाल्यावर मुलं आईबापाबरोबर फिरायला लाजतात. हा लाजायचा नाही. मित्रांना म्हणायचा, "आमचा डबा चांगला असते, या." एकदा अमलनाल्याला त्याचे चार मित्र माझ्यावर बसले आणि आशाबाईंना पुरी मिळाली नाही. त्या उपाशी राहून खूश होत्या.

शिकून तो एका ठेकेदाराकडे कामाला लागला, पाळीत. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. सकाळी पाळीवरून परत येताना धुळीत त्याला ट्रक दिसला नाही, की ट्रकला तो दिसला नाही. कुणीतरी पाहिलं असेल, पण घरी येऊन कुणी नीट सांगितलं नाही. मी तर तेव्हा कपाटामागे उभी होते.

मला बाहेर काढलं आणि अंगणात अंथरलं. मी सवयीने समजले की आपण फिरायला निघालो. एवढी माणसं पाहून वाटलं, आदेशने पुन्हा मित्रांना बोलावलं असेल. मग माणसं बसत गेली आणि कुणीच डबा उघडला नाही.

तेरवीपर्यंत मी अंगणातच होते. लोक बसायचे, चहा प्यायचे, उठायचे. पुढे पुढे कोण बसलं ते मला कळेनासं झालं. सुरुवात तिथेच झाली असावी.

पुढे पाहुणे गेले, मला धुऊन पुन्हा कपाटामागे ठेवलं, आणि घरात एक नवीनच अडचण सुरू झाली. आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लेकराच्या नावाने हाक मारतात. लटारूभाऊ बायकोला 'आदेशची माय' म्हणायचे, आशाबाई नवऱ्याला 'आदेशचे बाबा'. त्याच्या जन्मापासून दोघांना दुसरं नावच नव्हतं. आता हाक मारायची म्हणजे आधी ते नाव तोंडातून काढायचं. दोघांनाही ते जमेना. म्हणून हाक मारणंच थांबलं. जेवण वाढलं की आशाबाई ताट जरा जोरात ठेवायच्या, आवाजाने ते उठून यायचे. बाहेर जायचं असलं की लटारूभाऊ चपला वाजवायचे. भांडण नव्हतं. उलट दोघंही एकमेकांना फार जपत होते. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एक शब्द जाईना.

आणि लटारूभाऊ संडेला जायला लागले. या रविवारी, पुढच्या रविवारी, दर रविवारी. आशाबाई खिडकीतून त्यांना जाताना बघायच्या. त्यांना वाटायचं, खाणीत माणसं कमी पडली असतील, वरून हुकूम असेल. एका रविवारी त्यांनी मला बाहेर काढून घरातच अंथरलं, समोर ताट घेतलं आणि बसल्या. पंखा फिरत होता. ताटातलं तसंच राहिलं, भाताला वरून साय धरल्यासारखी झाली. मग त्यांनी ते गाईला नेऊन घातलं. तेव्हा त्या माझ्यावर किती वेळ बसल्या होत्या ते मी सांगू शकत नाही. मला त्यांचं वजनसुद्धा नीट कळलं नाही, एवढ्या त्या कमी झाल्या होत्या.

होळी उलटून गेल्यावर एका दुपारी संघपालची बायको प्रिया निवडायला मेथी घेऊन आली. दोघी माझ्यावर बसल्या. प्रिया मोकळ्या स्वभावाची, आशाबाईंपेक्षा बरीच लहान. तिने विचारलं, "बाई, तुमी दोघं बोलत काऊन नाई? भाऊ कवाचे अंगणात उभे होते, तुमी आवाज बी नाई देल्ला."

"कोणत्या नावानं देऊ?" आशाबाई म्हणाल्या. "पोराचं नाव घेतल्याबिगर मले नवऱ्याले हाक मारता येत नाई. अन् ते नाव घेतलं की..." त्यांनी मेथीची काडी मोडली आणि वाक्य तिथेच टाकलं.

प्रिया म्हणाली, "मी तं सरळ संघपाल म्हणते."

"तुमचं बरं हाय बापा," आशाबाई म्हणाल्या, आणि जरा हसल्यासारखं केलं.

प्रियाला वाटलं, बाई हसल्या, आता चांगली बातमी सांगावी. "पण बाई, भाऊची फिकर करू नका. सारे त्याहिच्याकडे पाहून राह्यले. संघपालनं बी मागच्या हप्त्यात आपला संडे भाऊले देल्ला. त्याच्या आधी शिंदेनं देल्ला. पंपावरच्या साऱ्याहिनं ठरवलं हाय, कोणाले बी संडे लागला तं तो भाऊले द्याचा. भाऊनं कितीकदा आपला संडे आमाले सोडला, आता आमची पारी."

आशाबाईंचा हात मेथीत तसाच थांबला. "म्हंजे खाणवाले बोलावून नाई राह्यले?"

"नाई न. आमीच देऊन राह्यलो," प्रिया अभिमानाने म्हणाली. "घरी बसून त्याहिले लय तरास होत असन न."

आता या लोकांना काय म्हणावं? खाणीतल्या माणसाकडे देण्यासारखी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे संडे. दुसऱ्या गावचे लोक फुलं देतील, फळं देतील, फार तर जवळ येऊन बसतील. यांनी आपापल्या पोराबाळांच्या तोंडचा दुप्पट पगार काढून दिला होता. आणि त्यातून झालं काय, तर पलीकडच्या क्वार्टरमध्ये एक बाई दर रविवारी भिंतीकडे बघत एकटी बसत होती. त्यांना वाटत होतं, लटारूभाऊंना घर सोसत नाही. ते खरंच होतं. पण त्या घरात अजून एक माणूस आहे, हे पंपावरच्या एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि लटारूभाऊंनीही ते लक्षात आणून दिलं नाही.

आशाबाईंनी मेथी निवडून दिली. पण मला माहीत असलेल्या आशाबाई जागेत काटा दिसला की गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

त्यानंतरच्या रविवारी लटारूभाऊ संडेला गेले. ते गेल्यावर आशाबाईंनी कणीक मळली. पुऱ्या तळल्या, आलूची भाजी केली, डबा भरला. मला काखेत मारलं आणि ऑटोवाल्याला खाणीचं गेट सांगितलं.

गेटच्या समोर रस्त्यापलीकडे कडुलिंबाचं एक झाड आहे. त्याखाली कोळशाची भुकटी, विड्यांची थोटकं, फुटलेली टायरं. आशाबाईंनी मुंग्या पाहिल्या नाहीत, उतार पाहिला नाही. मला अंथरलं आणि बसल्या. ट्रक जायचे आणि धुळीचा लोट अंगावर यायचा. गेटवरचा रखवालदार येऊन म्हणाला, "बाई, इथी काऊन बसल्या? कोणाले भेटाचं हाय?"

"फिराले आली," आशाबाई म्हणाल्या.

रखवालदाराने झाडाकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं, आणि परत जाऊन खुर्चीवर बसला.

दुपारी पहिली पाळी सुटली. माणसं बाहेर यायला लागली. सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच टोपी, सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे, चाल सारखीच दमलेली. त्यातला आपला माणूस ओळखायचा म्हणजे बायकोलाही कठीण. लटारूभाऊ खाली बघत चालत होते. त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलंच नाही. ते स्टँडच्या बाजूला वळले आणि आता निघून जाणार असं झालं. आशाबाई उभ्या राहिल्या. त्यांना हाक मारायची होती. मला त्यांची पावलं कळत होती, एकदा पुढे, एकदा मागे.

"आदेशचे बाबा!"

आवाज काही फार मोठा नव्हता. पण गेटसमोरची सगळीच माणसं थांबली. कुणी विडी पेटवत होतं ते तसंच राहिलं. पंपावरच्या त्या लोकांनीही हे नाव एकमेकांत बोलणं बंद केलं होतं. लटारूभाऊ पाठ करून उभे राहिले. मग वळले, रस्ता ओलांडून आले. त्यांच्यामागे संघपाल आला, आणखी दोघं-तिघं आले.

"काय झालं?" ते म्हणाले. "इथी काऊन आली? चाल घरी."

"मी घरूनच आली."

"लोकं पाहून राह्यले. चाल."

"पाहू द्या. तुमाले ऐतवारी घरी याले जमत नाई, तं मीच इकडं आली. बसा."

संघपाल पुढे झाला. "बाई, काई चुकलं का आमचं? आमी तं भाऊच्या भल्यासाठी..."

"मले मालूम हाय, संघपाल. तुमी आपल्या लेकराच्या तोंडचं देल्लं. मी कवा विसरणार नाई. पण आता नका देऊ. मले संडे नाई पायजे. मले माहा ऐतवार पायजे."

नवऱ्याचा संडे बंद करा म्हणून सांगायला आलेली बाई त्या गेटवर याआधी आली नसेल. लटारूभाऊ मात्र चिडले. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "अन् घरी येऊन काय करू? काय हाय आता घरी?"

आशाबाई म्हणाल्या, "मी हाय."

एक ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग लटारूभाऊ बूट न काढताच माझ्यावर बसले. बूट घालून माझ्यावर कधी कुणी बसलं नव्हतं, आशाबाईंनी बसू दिलं नसतं. आज त्यांनीच डबा उघडला आणि संघपालला म्हणाल्या, "तुमी बी बसा. पुऱ्या पुष्कळ हाय." सगळे बसले. काळ्या हातांनी पुऱ्या खाल्ल्या. लटारूभाऊंनी अर्धी खाल्ली, अर्धी हातात धरून ठेवली. कुणी रडलं नाही. सगळे लोक जाईपर्यंत ते तसेच बसून होते.

पुढच्या शनिवारी त्यांचं नाव संडेत नव्हतं. ते घरी आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नाव नाई आलं." आनंदाने नाचणारं कोणी नव्हतं. आशाबाई फक्त म्हणाल्या, "ठीक हाय," आणि कणकेचा डबा खाली काढला.

आज रविवार आहे. आम्ही वढ्याला आलोय. गाडी आता नाही, ऑटोने आलो. नदीला पाणी कमी आहे, वाळू तापलीय, म्हणून मला काठावरच्या झाडाच्या सावलीत अंथरलं. लांबवर काही लोक पाण्यात उतरून कपडे धूत आहेत. लटारूभाऊ एका बाजूला बसलेत, आशाबाई दुसऱ्या. मध्ये डबा आहे. डब्याच्या पलीकडे बरीच जागा रिकामी आहे, तीही दोघांनी पाहिली आहे. जेवले. दोघंही जेवले, हे मी मुद्दाम सांगते.

बऱ्याच वेळाने लटारूभाऊ पाण्याकडे बघत म्हणाले, "मले काईच वाटून नाई राह्यलं."

आशाबाई म्हणाल्या, "मले बी नाई."

"मंग कायले आलो आपण?"

आशाबाईंनी विचार केला. खरंच केला, मी सांगते. मग म्हणाल्या, "घरी बी काई वाटत नाई, इथी बी काई वाटत नाई. पण घरी आपण दोन खोल्यांत असतो."

लटारूभाऊंनी डबा उचलून बाजूला ठेवला आणि होते तिथून सरकून जवळ बसले. आता तिघांपुरत्या जागेत दोघं जरा सैलसर बसलेत. मला दोन वजनं कळतायत. कोणतं कुणाचं, तेही थोडं थोडं कळायला लागलंय, पण याबद्दल मी अजून कुणाला काही बोलणार नाही. घाई करून उपयोग नसतो.

तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल. कपाटामागे, पलंगाखाली, माळ्यावर. तिच्यावर धूळ असेल. पूर्वी आपण जायचो, असं तुम्ही म्हणत असाल. मग मनाला बरं वाटलं की जाऊ, म्हणत असाल. माझं ऐका, बरं वाटायची वाट पाहू नका. काही वाटत नसलं तरी डबा भरा आणि निघा. लांब जाऊ नका, लांबच्या जागेकडून माणूस फार काही मागतो. जवळ जा, जिथून दिवसाउजेडी परत येता येईल. आणि ज्याच्यासोबत जायचं त्याला हाक मारा. जड गेलं तरी मारा.

उन्हं उतरायला लागली. ऑटोवाला रस्त्यावरून हॉर्न देतोय. आशाबाई चपला शोधतायत. लटारूभाऊ उठलेत, मला गुंडाळण्यासाठी त्यांनी माझं एक टोक धरलंय, आणि दुसऱ्या टोकाशी कुणी नाही म्हणून ते थांबलेत. आदेशची माय, असं ते आत्ता म्हणाले. हळूच म्हणाले. त्या आल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.